कायदेकौन्सिलातल्या डॉक्टरीणबाई

श्रोतेहो, आपल्याकडे पुष्कळ गावांत देवस्थानची थोडीफार इनाम जमीन असते. गुरवाला पूजेसाठी एक तुकडा, वाजंत्र्याला चौघड्यासाठी एक तुकडा, दिवाबत्तीसाठी आणखी एखादा. ज्याने सेवा करायची त्याने जमिनीचे उत्पन्न खायचे, आणि सेवा मोडली की जमिनीवरचा हक्क गेला, असा हा जुना व्यवहार. पिढ्यान् पिढ्या चालत आला म्हणून त्यात कुणाला काही खटकत नाही. पण समजा, ही सेवा म्हणजे घरातली मुलगी देवाला वाहण्याची सेवा असली तर? आईनंतर लेकीने आणि लेकीनंतर नातीने ती चालवायची, आणि मुलगी दिली नाही तर साऱ्या घराच्या भाकरीवर गदा, असा तो व्यवहार असला तर?

मद्रास इलाख्यातल्या कितीतरी देवळांत तो तसाच होता. १९२९ साली तिथल्या कायदेकौन्सिलाने ही गाठ कायद्याने सोडवली. ज्यांच्या खटपटीने ती सुटली त्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतिक कायदेकौन्सिलावर बसलेल्या त्या पहिल्या बाई. त्यांचे चरित्र मी आज आपल्याला सांगणार आहे. पण ‘पहिल्या’ एवढ्यासाठीच नव्हे. पहिला मान कुणाला तरी मिळतोच. तो मिळाल्यावर त्या खुर्चीवर बसून या बाईने काय केले, हे मला महत्त्वाचे वाटते.

मुत्तुलक्ष्मीबाईंचा जन्म ३० जुलै १८८६ रोजी दक्षिणेतल्या पुदुकोट्टै संस्थानात झाला. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या ते हेच साल. वडील नारायणस्वामी अय्यर ब्राह्मण, तिथल्या महाराजा कॉलेजचे प्राचार्य. आई चंद्राम्माळ देवदासी समाजात जन्मलेल्या. म्हणजे घरात एका बाजूला कॉलेजची पुस्तके, आणि दुसऱ्या बाजूला आईच्या माहेरच्या माणसांचे जिणे. ते जिणे या मुलीने लहानपणापासून जवळून पाहिले. पुढे कौन्सिलात त्या बोलल्या ते पुस्तकात वाचून बोलल्या नाहीत, हे ध्यानात ठेवा.

मुलगी वयात आली की शाळा बंद, हा त्या काळचा रिवाज. वडिलांनी घरी शिकवण्याची सोय केली आणि मुलगी घरून अभ्यास करून मॅट्रिक झाली. पुढे काय? गावात कॉलेज होते, पण ते मुलग्यांचे. एका मुलीला वर्गात घेतले तर मुलगे बिघडतील, अशी हाकाटी झाली. शेवटी संस्थानच्या राजाने स्वतः लक्ष घातले आणि तिला प्रवेश मिळाला. १९०७ साली त्या मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेल्या आणि १९१२ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

१९१४ साली त्यांनी डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी लग्न केले. लग्नाआधी त्यांनी एक अट घातली. मला बरोबरीने वागवाल आणि माझ्या इच्छेच्या आड येणार नाही, असे कबूल करा, मगच लग्न. त्यांनी ती कबूल केली, आणि पुढच्या आयुष्यात पाळलीही. मुलीच्या बापाने हुंड्याच्या अटी ऐकून घ्यायच्या, हे आपण पाहत आलो. नवरीनेच अट घालायची, आणि ती अशी, हे १९१४ साली किती जणांना सुचले असेल?

आता कौन्सिलाकडे वळू. १९१९ च्या सुधारणा झाल्या तेव्हा बायकांना मत द्यायचे की नाही, हे ठरवणे विलायत सरकारने प्रांतांवर सोडले. मद्रासने १९२१ साली तो अधिकार दिला, आणि आपल्या मुंबई इलाख्यानेही त्याच साली दिला. अर्थात मालमत्तेची अट होती, त्यामुळे मतदार बायका मूठभरच. आणि मत देता येई, पण उभे राहता येत नसे. ती आडकाठी मद्रासला १९२६ साली दूर झाली. त्याच साली कमलादेवी चट्टोपाध्याय मंगळूरकडून निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि अगदी थोड्या मतांनी पडल्या. तेव्हा स्त्रियांच्या संस्थांनी आग्रह धरला की सरकार जे सभासद नेमते त्यांत तरी एक बाई असावी, आणि मुत्तुलक्ष्मीबाईंचे नाव पुढे आले.

बाई प्रथम कचरल्या. बाळंतपणाच्या कामात त्यांचा दिवस जाई, दवाखाना चांगला चालला होता. कौन्सिलात बसून रोग्यांकडे बघणार केव्हा? पण शेवटी त्यांनी होकार दिला. १९२७ च्या आरंभी त्या सभागृहात बसल्या, आणि सभासदांनी एकमताने त्यांना उपाध्यक्ष निवडले. साऱ्या पुरुषांच्या सभेत एकच बाई, आणि तीच उपाध्यक्षांच्या जागी. गावच्या पंचायतीत पहिल्यांदा निवडून आलेल्या माझ्या भगिनींना त्या दिवशीचा अवघडलेपणा मी समजावून सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, एकटी बाई, तीही सरकारने नेमलेली. ती करणार काय? नेमलेले सभासद म्हणजे सरकारने मान हलवली की मान हलवणारे, अशी लोकांची समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. बाईंनी मात्र कामाला हात घातला तो आपल्या दवाखान्यात रोज दिसणाऱ्या गोष्टींपासून. शाळांतून मुलामुलींची वैद्यकीय तपासणी व्हावी. बायकांसाठी आणि लहान मुलांसाठी वेगळी इस्पितळाची सोय असावी. गरीब मुलींच्या शिकण्याला फीची आडकाठी नसावी. मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे एकविसाच्या आत होऊ नये. तेरा-चौदा वर्षांच्या पोरींची बाळंतपणे ज्या डॉक्टरीणबाईने केली तिला हा आकडा कुणी शिकवायला नको होता. १९२९ साली शारदा कायदा झाला, पण त्यात मुलीला चौदा आणि मुलाला अठरा एवढीच मर्यादा घातली गेली. बाईंची मागणी त्याच्या दोन पावले पुढे होती.

पण त्यांच्या मनात घर करून होता तो देवदासींचा प्रश्न. तो नीट समजून घेऊ, कारण आपल्याकडच्या मुरळी-जोगतिणींवरून त्याचा अंदाज येतो, तरी तो हुबेहूब तसाच नाही. आपल्याकडे खंडोबाला मुरळी वाहतात आणि यल्लम्माला जोगतीण सोडतात, ती बहुतेक गरीब, दलित घरांतली लेकरे. दक्षिणेतल्या मोठ्या देवळांतली देवदासी ही गाणे आणि नाच जाणणारी कलावंतीण असे. लहान वयात देवाच्या नावाने तिच्या गळ्यात ताळी बांधली जाई. ताळी म्हणजे तिकडचे मंगळसूत्र. मग तिचे लग्न कधी व्हायचे नाही. तिला लिहिता-वाचता येई, वारसाने इस्टेट मिळे, समारंभात मानही असे. पण हळूहळू देवळातली सेवा नावाला उरली आणि धनिकांची मर्जी हेच तिच्या पोटाचे साधन झाले. सात-आठ वर्षांच्या मुलीला यातले काय कळणार? ती मोठी होईतो तिचे आयुष्य दुसऱ्यांनी ठरवून टाकलेले असे.

नोव्हेंबर १९२७ मध्ये बाईंनी कौन्सिलात ठराव मांडला, की देवळांना मुली वाहण्याची चाल थांबवण्यासाठी सरकारने उपाय करावा. ठराव पास झाला. पण ठराव म्हणजे शिफारस. त्याने कुणाची मुलगी सुटत नाही. सरकारचे म्हणणे असे, की धर्माच्या बाबतीत आम्ही हात घालत नाही; आणि अज्ञान मुलीला वाईट कामासाठी देणे-घेणे हा पिनल कोडाखाली गुन्हा आहेच की. आहे खरा. पण कोर्टात तो हेतू शाबीत करायचा कुणी? साक्ष द्यायची कुणी? आई, आजी, पुजारी, ट्रस्टी, सारे एका बाजूला, आणि पोर दुसऱ्या बाजूला.

इथे बाईंची खरी हुशारी दिसते. मूळ कुठे आहे ते त्यांनी हुडकले. मूळ इनामाच्या कागदात होते. घरातल्या बाईला मुलगी वाहायची नसली तरी ती करणार काय? सेवा मोडली तर जमीन जाणार. शेजारी चार उपदेश करतील. जमीन गेल्यावर दाणे कुणी आणून देणार नाही. मद्रासमध्ये हिंदू देवस्थानांच्या व्यवस्थेविषयी एक कायदा नुकताच झाला होता. त्याला बाईंनी दुरुस्ती सुचवली, आणि १९२९ साली ती मंजूर झाली. तिचा अर्थ साध्या शब्दांत असा, की देवदासीच्या इनामावरची सेवेची अट काढून टाकायची, जमिनीवर ठराविक जुडी म्हणजे हलका सारा बसवायचा, आणि जमीन तिच्याकडेच ठेवायची. यापुढे त्या इनामापायी तिच्याकडून कुणाला सेवा मागता येणार नाही.

पाहा बरं, यात कुठेही देवाला हात लावलेला नाही, की कुणाला शिक्षा सांगितलेली नाही. बाईला तिची भाकरी तिच्या हाती ठेवून मोकळे केले आहे. ज्यांना आपली लेक वाहायची नव्हती, पण जमिनीपायी मन घट्ट करावे लागत होते, त्या आयांना या दुरुस्तीने वाट मिळाली. कायदा करणाराला माणसाच्या पोटाची चिंता असावी लागते. शाळामास्तरांनी नागरिकशास्त्राचा धडा घेताना कायदेमंडळाचे काम मुलांना समजावून सांगायचे असेल, तर हे उदाहरण जरूर सांगावे.

अर्थात विरोध झाला, आणि तो केवळ दुष्ट लोकांनी केला असे नव्हे. सत्यमूर्तींसारखे काँग्रेसचे नामांकित वक्ते विरोधात होते. देवळाच्या परंपरा मोडू नयेत, कला बुडू नये, असे त्यांचे म्हणणे. आणखी एक विरोध होता, तो आपण आदराने ऐकला पाहिजे. तो स्वतः देवदासींचा. मद्रासच्या देवदासींनी आपला संघ केला आणि सरकारकडे अर्ज दिले. बंगळूर नागरत्नम्मा या फार मोठ्या गायिका, विद्वान बाई. संत त्यागराजांच्या समाधीची व्यवस्था ज्यांनी स्वतःच्या पैशाने लावली, त्या. त्या या विरोधात पुढे होत्या. त्यांचे म्हणणे असे, की आमच्यात गाणाऱ्या आहेत, ग्रंथ जाणणाऱ्या आहेत. सगळ्यांना एकाच माळेत ओवून बदनाम का करता? आम्हाला विचारल्याशिवाय आमचा निकाल का लावता?

या प्रश्नाला पुरते उत्तर त्या वेळी मिळाले नाही, हे कबूल केले पाहिजे. पुढे तो नाच ‘भरतनाट्यम्’ या नावाने रंगमंचावर आला, चांगल्या घरच्या मुली तो शिकू लागल्या, त्याला प्रतिष्ठा मिळाली. पण ज्या घराण्यांनी तो पिढ्यान् पिढ्या जतन केला त्यांतल्या कितीतरी बायका बाजूला पडल्या. मुत्तुलक्ष्मीबाईंची नजर मोठ्या झालेल्या कलावंतिणीवर नव्हती. जिच्या गळ्यात उद्या ताळी पडणार त्या लहान मुलीवर होती. त्या मुलीच्या बाजूने पाहिले तर त्यांचे बरोबर होते. नागरत्नम्मांच्या बाजूने पाहिले तर त्यांचीही तक्रार खोटी नव्हती. सुधारणेच्या कामात असे पेच पडतात. ते झाकून ठेवले तर पुढच्या माणसाला काही शिकता येत नाही.

१९३० च्या आरंभी बाईंनी पुढचे विधेयक आणले. त्यात मुलगी वाहण्याचा विधीच बेकायदा ठरवायचा होता. ते मंजूर होण्याआधीच मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, आणि बाईंनी कौन्सिलाचा राजीनामा दिला. सरकारने नेमलेल्या सभासद, उपाध्यक्षपदाचा मान, आणि हातात अर्धे राहिलेले जन्माचे काम. राजीनामा दिला तर विधेयक पडणार, हे त्यांना कळत नव्हते असे थोडेच आहे? तरी त्यांनी तो दिला. विधेयक मागे पडले ते सतरा वर्षे. देश स्वतंत्र झाल्यावर, १९४७ साली, मद्रासमध्ये तो कायदा झाला.

कौन्सिल सुटले म्हणून त्या मुलींचा प्रश्न सुटला नव्हता. त्याच सुमारास देवदासी समाजातल्या काही मुली आसरा मागत बाईंच्या दाराशी आल्या. बाईंनी त्यांच्यासाठी वसतिगृहे पाहिली. एक ब्राह्मण मुलींचे, दुसरे ब्राह्मणेतर मुलींचे. या मुलींना कुणी ठेवून घेईना. मग बाईंनी त्यांना आपल्याच घरी ठेवले. त्यातून ‘अव्वै’ नावाचे मुलींचे घर उभे राहिले. अव्वै ही तमिळ लोकांची थोर जुनी कवयित्री. आपल्याला मुक्ताबाई-जनाबाई, तशी त्यांना ती. कायद्याने मुलीला ‘तू मोकळी आहेस’ एवढेच सांगता येते. मोकळी होऊन ती रात्री निजणार कुठे आणि सकाळी कोणत्या शाळेत जाणार, हे कुणीतरी बघावे लागते. बाईंनी ते घर उघडून बघितले.

आणखी एका कामाचा उल्लेख करतो. त्यांची धाकटी बहीण कॅन्सरने गेली. डॉक्टर असून काही करता आले नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. आपल्या मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय निघाले. मद्रासला तसे काही नव्हते. बाईंनी वर्षानुवर्षे वर्गणी मागितली, सरकारदरबारी खेटे घातले. १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते अड्यारला पायाभरणी झाली आणि १९५४ साली बारा खाटांचे रुग्णालय सुरू झाले. तेव्हा बाईंचे वय सदुसष्ट. पुढे ती संस्था केवढी वाढली! दूरदूरचे गरीब रोगी तिथे जाऊ लागले. १९५६ साली बाईंना पद्मभूषण मिळाले आणि २२ जुलै १९६८ रोजी त्या निवर्तल्या. गरीब गरोदर बायकांना मदत देणाऱ्या एका योजनेला तमिळनाडू सरकारने त्यांचे नाव दिले. बाळंतपणे करून ज्यांच्या कामाची सुरुवात झाली त्यांना हे स्मारक शोभते.

श्रोतेहो, ही सारी हकिकत दूरच्या मुलखातली. पण तिचा धागा आपल्यापर्यंत येतो. मुंबई इलाख्यात देवदासींसाठी १९३४ साली कायदा झाला. कर्नाटकाने १९८२ साली केला. महाराष्ट्रात २००५ साली पुन्हा एक, अधिक कडक, कायदा करावा लागला. एकाच चालीविरुद्ध असे वरचेवर कायदे करावे लागतात, यावरूनच समजा की चाल नुसत्या कागदाने मरत नाही. आपल्या सीमेवरच्या गावांत लहान मुलीच्या डोक्यात जट झाली की देवीचे बोलावणे आले म्हणतात, आणि पोर देवीला सोडतात. जट ही देवीची खूण नव्हे. केस धुतले-विंचरले नाहीत, ते चिकट झाले, की एकमेकांत गुंतून जट होते. शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना वर्गात अशी मुलगी दिसली, तर आईबापांना घरी जाऊन हे समजावून सांगावे. कातरीने जट काढून द्यायला माणसे आनंदाने येतात. आणि हजेरीपटावरची मुलगी यात्रेच्या दिवसांत एकाएकी येईनाशी झाली, तर ती कुठे गेली हे विचारल्याशिवाय राहू नये. मुलगी वाहणे हा गुन्हा आहे. पण गुन्हा घडून गेल्यावर फौजदार येण्यापेक्षा, घडण्याआधी मास्तर गेलेले बरे.

दुसरी गोष्ट पंचायतीतल्या भगिनींसाठी. मुत्तुलक्ष्मीबाई एकट्या होत्या. १९९२ च्या घटनादुरुस्तीने पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या, आणि २०२३ साली विधानसभा-लोकसभेतही एक तृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्ती संसदेने मंजूर केली. तेव्हा एकटेपणाची सबब आता चालायची नाही. सभेला जाताना मालकांनी सांगितले तेवढेच बोलायचे, कागदावर नुसता अंगठा किंवा सही करायची, असे करू नका. गावच्या ज्या दुःखाची तुम्हाला स्वतःला माहिती आहे, मग ते पाण्याचे असो, दारूचे असो, की एखाद्या परित्यक्तेच्या घराच्या उताऱ्याचे असो, त्याच्यापासून सुरुवात करा. मग त्या दुःखामागे कोणता कागद आहे, कोणती अट आहे, ते ग्रामसेवकाकडून वाचून घ्या. पुदुकोट्टैच्या त्या मुलीने कौन्सिलात जाऊन एवढेच केले. आईच्या समाजाचे दुःख तिला ठाऊक होते, आणि इनामाची अट तिने वाचून काढली.